पहिल्या रांगेत या, बसा!

शहरातल्या नाट्यगृहाबाहेर ‘हाऊसफुल्ल’चा फलक लागला की त्याची जाहिरात होते. पण महाराष्ट्रातला बराचसा विनोद फलकाविना आणि तिकिटाविनाच होत असतो. कुठे शाळेच्या सभागृहात, कुठे देवळाच्या मंडपात, तर कुठे वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर. मी त्याच वाटेवरचा प्रवासी. एकपात्री विनोदी कार्यक्रम करतो. खांद्याला एक पिशवी. तीत दोन टोप्या, एक उपरणं, एक जुना चष्मा आणि घडीची काठी. एवढ्या सामानात माझी पंधरा-सोळा माणसं सुखानं मावतात!

एकट्यानं उभं राहून चारचौघांना हसवायचं, ही काही परदेशातून आलेली कला नव्हे. आपले कीर्तनकार उत्तररंगात सासूही होतात आणि सूनही. गाडगेमहाराज तर श्रोत्यांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याच उत्तरांतून त्यांना हसवता हसवता शहाणं करत. पु. ल. देशपांड्यांनी १९६१ साली एकट्यानं ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर उभी केली. पुढे १९७९पासून प्रा. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधून बावन्न पात्रं एकट्याच्या अंगावर वागवू लागले. या दोन देशपांड्यांनी रस्ता बांधला. आमच्यासारखे त्या रस्त्यानं गावोगाव जातात, एवढंच.

आमचं वर्ष पंचांगावर चालतं. गणपतीचे दिवस म्हणजे सुगी. मग नवरात्र, कोजागिरी, थंडीत स्नेहसंमेलनं. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. गावोगावी अशा व्याख्यानमाला होतात, आणि गंभीर विषयांच्या मध्ये एखादी संध्याकाळ आमच्या वाट्याला येते. आषाढ मात्र बाहेर ओला आणि खिशात कोरडा! मानधनाचं पाकीट कधी जाड, कधी नुसतंच सुबक. शाल-श्रीफळ मात्र चुकत नाही. आमच्या घरात पाहुण्यांना पांघरायला शाली आहेत आणि आमटीत खोबऱ्याला तोटा नाही. रात्रीची शेवटची एस.टी. चुकली की मंडळाच्या चिटणीसांच्या घरी पिठलं-भात आणि ओसरीवर अंथरूण. त्या पिठल्याची चव पंचतारांकित हॉटेलात मिळायची नाही.

लोकांना वाटतं, विनोद शब्दांत असतो. माझा अनुभव असा, की तो निम्मा खुर्च्यांत असतो. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात साठ माणसं विखरून बसली, की उत्तम विनोदही मध्येच विरून जातो. कारण हसू एकट्यादुकट्याला चटकन येत नाही; शेजारच्याचा खांदा हलला, की आपलाही हलतो. म्हणून मी वेळेआधी पोचतो आणि कार्यकर्त्यांच्या बरोबरीनं खुर्च्या पुढे सरकवतो. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो, तिथे वाक्यं सावकाश टाकतो. आणि एक विनंती हमखास करतो: श्रोत्यांवरचे दिवे बंद करू नका. मला चेहरे दिसायला हवेत.

ते कशासाठी, हे सांगतो. माझ्या कार्यक्रमात कमी ऐकू येणारे एक आजोबा आहेत. घरातली माणसं एक विचारतात, आजोबा भलतंच उत्तर देतात. हशा ठरलेला. सांगली जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघात हा प्रवेश सुरू असताना पहिल्या रांगेत एक वृद्ध गृहस्थ कानामागे हात धरून बसले होते. हसत होते, पण नजर माझ्या तोंडावरून हलत नव्हती. कार्यक्रम संपल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, “आजोबांचं काम झकास केलंत. पण एक सांगू का? बहिऱ्याला ऐकू येत नाही, पण दिसतं की! समोरची माणसं ओरडताना कशी वेडीवाकडी तोंडं करतात, ते आम्ही रोज फुकटात बघतो. तेही दाखवा की!”

पुढच्याच गावी मी ते दाखवलं. आजोबा शांत बसलेले आणि अख्खं घर त्यांच्याभोवती तोंडं वेंगाडून ओरडतंय! हशा दुप्पट झाला. पण खरी गंमत अशी, की हशाची दिशाच पालटली. आता लोक आजोबांना हसत नव्हते; आजोबांच्या डोळ्यांनी स्वतःला हसत होते.

लहान सभागृहाची ही देणगी आहे. ज्याची नक्कल करायची, तो तिथे समोरच बसलेला असतो: तोतरा मास्तर, जाडजूड काकू, गावरान बोलणारा शेतकरी. त्याच्या डोळ्यांत बघून जो विनोद करता येतो, तोच टिकतो.

आता शहरांतून तरुण मुलंमुली कॅफेत उभी राहून मराठीत ‘स्टँड-अप’ करतात. त्यांतले काही फार चांगले आहेत. त्यांचं धाडस मला आवडतं. काळजी वाटते ती वेगळीच. पूर्वी हात टाळीसाठी वर होत. आता मोबाइल वर होतात. दीड तासाच्या कार्यक्रमातला अर्धा मिनिट कापून कुठल्या कुठे जातो. तिथे ना मागचा संदर्भ, ना हसणारा शेजारी, ना समोरचा चेहरा. ज्या गोष्टीवर शंभर माणसं मोकळेपणानं हसली, तिच्यावर घरबसल्या कुणीतरी रागावतं. मग आयोजक आधीच बजावतात, “राजकारण नको, जात नको, देवधर्म नको. बाकी काय हवं ते बोला!” बाकी उरतं काय? तर बायको! तिच्यावरचे विनोद मी करत नाही. ती घरी वाट बघत असते.

विनोद मोकळा राहायचा, तर बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात विश्वास लागतो, आणि तो समोरासमोरच निर्माण होतो. तेव्हा वाचकहो, तुमच्या आळीतल्या मंडळात असा एखादा एकपात्री प्रयोग असेल, तर मुलाबाळांना, आजी-आजोबांना घेऊन जरूर जा. मोबाइल खिशात असू द्या. आणि मान्यवरांसाठी राखून ठेवलेली ती पहिली रांग रिकामी दिसली, तर संकोच न करता तिथे जाऊन बसा. आम्हाला तुमचे चेहरे हवे असतात.