हार्ड डिस्क कुरकुरते, एसएसडी गप्प असते

‘लॅपटॉप म्हातारा झाला, नवाच घेतो आता,’ असं म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या रिपेअरिंगच्या दुकानात रोज येतं. मी आधी आत कुठली डिस्क आहे ते बघतो. प्रोसेसर ठणठणीत असतो. गाडी अडते ती हार्ड डिस्कपाशी.

तिचं झाकण काढलं की चकचकीत तबकडी दिसते. माहिती असते ती तिच्यावरच्या चुंबकीय थरात. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि वाचणारं हेड तिला न टेकता काही नॅनोमीटर वर तरंगतं. म्हणून तर चालू लॅपटॉप आपटला की मी कपाळाला हात लावतो. ७२०० च्या डिस्कलाही एक फेरा पुरा करायला आठ मिलिसेकंद लागतात; हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. विंडोज सुरू होताना विखुरलेल्या हजारो बारीकसारीक फाइली वाचायच्या असतात, आणि तिथेच सगळा वेळ जातो.

हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिप. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली ही फ्लॅश मेमरी. तिच्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार साठवलेला असतो. हवी ती जागा थेट वाचता येते, साधारण ०.१ मिलिसेकंदात. मोठा सिनेमा कॉपी करताना फरक तीन-चार पटींचा दिसेल, पण बारीक फाइलींत तो शंभर पटींच्या घरात जातो.

मात्र फ्लॅशमध्ये लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्यागणिक तो थोडा झिजतो. म्हणून एसएसडीचा कारभार बघणारा कंट्रोलर झीज सगळीकडे सारखी वाटतो आणि डिलीट केलेल्या फाइलींची जागा मागच्या मागे साफ करून ठेवतो. चुकून उडालेले लग्नाचे फोटो हार्ड डिस्कवरून बरेचदा परत मिळतात. एसएसडीवरून सहसा नाही.

मरायची तऱ्हाही निराळी. हार्ड डिस्क बहुधा आधी टिकटिकते, कॉपीला अडखळते, म्हणजे हातात थोडा वेळ उरतो. एसएसडी काल चालत होती आणि आज बायोसमध्ये दिसतच नाही, असं पुष्कळदा होतं. वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तिच्यातला भारही गळू शकतो.

तेव्हा विंडोज आणि रोजचं काम एसएसडीवर ठेवा. काढलेली हार्ड डिस्क धडधाकट असेल तर भंगारात घालू नका. केसिंगमध्ये बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा लावून बॅकअप घ्या.