बाटलीवरचा चौकोन

महिन्यातून एकदा नर्सबाई आपल्या गावी येतात आणि अंगणवाडीत बसतात. आशाताई घरोघर फिरून लेकुरवाळ्या बायांना बोलावून आणते. नर्सबाईंजवळ लसीचा डबा असतो. डब्यात चारी बाजूंनी बर्फाच्या पट्ट्या, आणि मधोमध लसीच्या लहान लहान बाटल्या.

ती बाटली तुम्ही कधी नीट पाहिली आहे का? पुढच्या वेळी पाहा. तिच्यावर एक गोल छापलेला असतो. गोलाच्या आत एक चौकोन असतो. गोल जांभळट, आणि आतला चौकोन पांढुरका. खूण हरभऱ्याच्या दाण्याएवढी. पण ती वाचायला बाराखडीसुद्धा लागत नाही. तो चौकोन रंग बदलणाऱ्या शाईने छापलेला असतो.

जिंतूर तालुक्यातल्या एका गावी आम्ही ही खूण बायांना दाखवत होतो. एक आजी म्हणाल्या, "उन्हात रंग उडतो, हे ठाऊक हाय. भिंतीवरचं कॅलेंडर पांढरं पडतं. मग ह्यो रंग गडद कामून होतो?"

आजींचा प्रश्न फार चांगला होता. आम्हालाही क्षणभर थांबून विचार करावा लागला.

आपण दुधाला विरजण लावतो. उन्हाळ्यात दही लवकर लागते, थंडीत उशिरा लागते. पण एकदा दही लागले की त्याचे पुन्हा दूध होत नाही. मग ते गार पाण्यात ठेवा, नाहीतर बर्फात ठेवा. ह्या शाईचेही तसेच आहे. शाईतल्या पदार्थाचे बारीक कण आधी सुटे असतात. तेव्हा त्यांना रंग नसतो. ऊब लागली की ते एकमेकांना जोडले जातात आणि त्यांच्या लांब साखळ्या बनतात. साखळी बनली की रंग दिसू लागतो. जितकी ऊब जास्त, तितका चौकोन लवकर गडद होतो. बाटली परत बर्फात ठेवली, तरी गडद झालेला रंग फिका होत नाही.

म्हणजे बाटलीला आजवर किती ऊब लागली, त्याचा हिशेब हा चौकोन ठेवतो. लस कारखान्यातून निघते, राज्याच्या भांडारात जाते, तिथून परभणीला, मग आरोग्य केंद्रात, मग आपल्या गावात. आरोग्य केंद्रापासून पुढे ती २ ते ८ अंश इतक्या गारव्यात राहायला हवी. वाटेत कुठे वीज गेली, कुठे डबा उन्हात राहिला, ते कोणी सांगो वा न सांगो, चौकोन सांगतो.

पोलिओचे थेंब सर्वांत नाजूक. म्हणून ही खूण १९९६ साली प्रथम पोलिओच्याच बाटल्यांवर आली. त्या बाटलीवरचा चौकोन ५ अंशांच्या गारव्यात सात महिन्यांहून अधिक टिकतो. ३७ अंशांत मात्र दोनच दिवसांत पुरता गडद होतो. आता मे महिन्यातले आपले ऊन आठवा. पारा ४० च्या पुढे जातो. उन्हात ठेवलेली बाटली तर हवेपेक्षाही जास्त तापते.

खूण वाचायची कशी? चौकोन गोलापेक्षा फिका असेल, तर लस चालते. थोडा गडद झाला, पण गोलापेक्षा फिका आहे, तरीही चालते. चौकोन आणि गोल एका रंगाचे झाले, की ती बाटली वापरायची नाही. गोलापेक्षा गडद झाला तर अर्थातच नाही.

अशी तापलेली लस दिली तर काय होते? लेकराला सहसा काही होत नाही, आणि खरा धोका तोच आहे. आई समजते, डोस झाला. कार्डावर तशी नोंदही होते. पण लेकराच्या अंगात रोगाशी लढायचे बळ येत नाही, आणि हे कोणाला कळतही नाही. आपल्या देशात रानटी पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये सापडला. २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो रोग अजून आहे. म्हणून आपल्याकडे थेंब चालूच आहेत, आणि ते चांगलेच असले पाहिजेत.

चौकोन फिका दिसला म्हणून सगळेच ठीक, असे मात्र समजू नका. ही शाई फक्त ऊब मोजते. बीसीजी आणि गोवर-रुबेला ह्या लसींना नुसता उजेडही सोसत नाही. म्हणून त्यांच्या बाटल्या तपकिरी काचेच्या असतात. त्या लसींना किती उजेड लागला, ते चौकोन सांगत नाही. काही लसी उलट गोठल्या की बिघडतात. तेही चौकोनाला कळत नाही. शिवाय बीसीजी आणि गोवर-रुबेला ह्या लसी भुकटीच्या असतात. त्यांची खूण झाकणावर असते. पाणी मिसळून बाटली उघडली, की खुणेचे काम संपले. मग ती बाटली चार तासांच्या आत वापरायची, उरली तर टाकायची. नर्सबाई उरलेली लस टाकतात, ती ह्यामुळे. "सरकारी माल वाया घालवतात," असे कोणी कोणी म्हणतात, ते बरोबर नाही.

आपल्याला काय करता येईल? लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंना सावलीची जागा द्या. सकाळी ओसरीवर सावली असते, पण दुपारी तिथेच ऊन येते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला माहीत? खिडकीजवळ टेबल मांडू नका. डबा मोटारसायकलवर उन्हात ठेवलेला दिसला, तर उचलून आत आणा. पोरे कुतूहलाने झाकण उघडतात, त्यांना आवरा. सगळ्या बाया वेळेवर आल्या, तर डबाही कमी वेळा उघडावा लागतो.

आणि डोस देण्याआधी म्हणा, "बाई, चौकोन दाखवता का?" ह्यात नर्सबाईंचा अपमान नाही. त्यांनाही शिकवताना हेच पाहायला सांगितलेले असते. चौकोन गडद निघाला, तर भांडू नका. त्या दुसरी बाटली काढतील. डब्यात दुसरी नसेल, तर पुढची तारीख विचारून घ्या, कार्डावर लिहून घ्या, आणि त्या दिवशी लेकराला परत घेऊन या.