वजनकाट्याचा लपंडाव

आठवडाभर भात निम्मा केला, गोड बंद ठेवले, रोज पाऊण तास चालणे झाले. शनिवारी वजन एक किलोने उतरलेले दिसले. रविवारी नातेवाइकांकडे कार्याचे जेवण झाले आणि सोमवारी सकाळी काट्याने दीड किलो जास्त दाखवले. ‘एवढे करून उपयोग काय?’ असे म्हणून अनेक जण नेमके इथेच प्रयत्न सोडतात. खरे तर त्यांच्या अंगावरची चरबी हळूहळू कमी होत असते आणि वाढलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते.

काटा नक्की काय मोजतो?

प्रौढ माणसाच्या शरीराचे निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. काट्यावर उभे राहिले की चरबी, स्नायू आणि हाडांबरोबर हे पाणी, पोटातले अन्न, आतड्यांतला मळ आणि मूत्राशयातले मूत्र या सगळ्याचे मिळून वजन होते. एक लिटर पाणी प्यायले की वजन लगेच एक किलोने वाढते. त्यामुळे एकाच दिवसात किंवा लागोपाठच्या दोन दिवसांत एक-दोन किलोंचा फरक पडणे नेहमीचे आहे.

हे कोडे सुमारे चारशे वर्षांपूर्वी इटलीतील सांतोरिओ सांतोरिओ या वैद्यांनी हाती घेतले होते. मोठ्या तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून त्यांनी जवळजवळ तीस वर्षे स्वतःचे, खाण्यापिण्याचे आणि मलमूत्राचे वजन केले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १६१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पोटात गेले त्या मानाने मलमूत्रावाटे बाहेर पडले ते बरेच कमी, असे त्यांना आढळले. उरलेला भाग श्वासातून आणि त्वचेतून नकळत निघून जातो. रात्री झोपण्यापूर्वीचे आणि सकाळी उठल्यावरचे वजन वेगळे भरते, त्याचे एक कारण हेच.

दीड किलो येतात कुठून?

एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. दीड किलो चरबी वाढायची तर रोजच्या गरजेहून साडेअकरा हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. एका पंगतीत ते शक्य नाही. मग काट्यावरचे दीड किलो कसले?

पहिला वाटा मिठाचा. पापड, लोणचे, फरसाण, बाहेरची भाजी यांतून जास्त मीठ गेले की ते सौम्य करण्यासाठी शरीर पाणी धरून ठेवते. मूत्रपिंडे हे मीठ बाहेर टाकतात तसे पाणीही एक-दोन दिवसांत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला एकूण मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. कार्याच्या जेवणात ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

दुसरा वाटा पिष्टाचा. भात, पोळी, बटाटा, साखर यांतली जादा साखर यकृत आणि स्नायू ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. हा साठा साधारण पाचशे ग्रॅमपर्यंत असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधले जाते. म्हणजे साठा भरलेला असताना आणि रिकामा असताना वजनात दोन किलोंपर्यंत फरक पडू शकतो. भात-पोळी एकदम बंद करणाऱ्यांचे वजन पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरते ते यामुळेच. कडक एकादशीनंतर दुसऱ्या दिवशी दिसणारी घटही बरीचशी अशीच असते आणि द्वादशीच्या जेवणानंतर ती भरून निघते.

याशिवाय मासिक पाळीच्या आधी काही दिवस अनेक स्त्रियांच्या शरीरात पाणी साठते. बद्धकोष्ठ असेल तरी वजन जास्त भरते. नवा व्यायाम सुरू केल्यावर स्नायूंना किंचित सूज येते आणि त्या दुरुस्तीसाठीही पाणी धरले जाते. व्यायामाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन हलले नाही, म्हणून व्यायाम निरुपयोगी ठरत नाही.

सात दिवसांची सरासरी

रोजच्या गरजेपेक्षा ५०० कॅलरी कमी घेतल्या, तर दिवसाला साधारण ६५ ग्रॅम चरबी कमी होते. घरातले बहुतेक काटे शंभर ग्रॅमच्या टप्प्याने आकडे दाखवतात. पाण्याचा एक-दोन किलोंचा चढउतार चालू असताना त्यात ६५ ग्रॅम दिसणार तरी कसे? म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर भरवसा न ठेवता आठवड्याची सरासरी पाहावी.

समजा, पहिल्या आठवड्यात सोमवारपासून वजन असे भरले: ७८.४, ७८.९, ७८.१, ७८.६, ७९.२, ७८.५, ७८.५. दुसऱ्या आठवड्यात: ७८.३, ७७.८, ७८.०, ७८.७, ७८.५, ७७.९, ७८.२. पहिला बुधवार आणि दुसरा गुरुवार एवढेच पाहिले तर वजन सहाशे ग्रॅमनी वाढलेले दिसते. सरासरी मात्र ७८.६ वरून ७८.२ वर आली आहे, म्हणजे चारशे ग्रॅमची घट आहे.

वजन करायचे ते सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, हलक्या कपड्यांत. काटा तोच असावा आणि गादी-सतरंजीवर न ठेवता कडक फरशीवर ठेवावा. पाळी येणाऱ्या स्त्रियांनी मागच्या आठवड्याऐवजी मागच्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी. सोबत पंधरवड्यातून एकदा कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही कंबरेची मर्यादा मानली जाते.

रोजचा आकडा पाहून ज्यांचा दिवस खराब जातो, त्यांनी आठवड्यातून एकदाच वजन करावे. वाढलेल्या आकड्याची भरपाई म्हणून जेवण टाळणे, जुलाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणे, घाम काढण्यासाठी पाणी न पिणे हे प्रकार धोक्याचे आहेत. त्यातून जाते ते पाणीच आणि क्षारांचा तोलही बिघडू शकतो. मेजवानीच्या दुसऱ्या दिवशी नेहमीचेच जेवण, नेहमीचेच चालणे ठेवावे.

वजन खरेच अडले तर?

तीन-चार आठवडे सरासरीही हलली नाही, तर मात्र विचार करायला हवा. शरीर हलके झाले की त्याची ऊर्जेची गरजही घटते. ८५ किलोंना जो आहार कमी पडत होता, तो ७७ किलोंना पुरेसा ठरू शकतो. शिवाय मूठभर शेंगदाणे, चहातली साखर, फोडणीचे तेल हळूहळू पूर्वपदावर आलेले असते. आठवडाभर खाल्लेले सगळे लिहून काढले तर गळती कुठे आहे ते बहुधा सापडते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढले आणि सोबत पायांवर सूज, धाप किंवा आडवे झाल्यावर श्वास कोंडणे असे काही असेल, तर थांबू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात असे पाणी साठते. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे यांसह वजन वाढत असेल तर थायरॉइडची तपासणी करावी. स्टेरॉइडसारख्या औषधांनीही वजन वाढते. ती मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे. काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरले तर खूश होऊ नये. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचा अतिस्राव किंवा कर्करोग यांचे ते लक्षण असू शकते.

एरवी सोमवारचा वाढलेला आकडा वहीत लिहावा आणि नेहमीप्रमाणे चालायला निघावे. तो आकडा खरा किती, हे पुढच्या सोमवारपर्यंत सरासरीतून कळतेच.