किण्वन आणि खोलीचे उष्णतामान

इंग्लंडमध्ये घरी बीअर तयार करण्यासाठी पूर्वी परवाना लागत असे. १९६३ साली ही अट रद्द झाली आणि हा छंद घरोघरी पसरला. माल्ट, साखर, हॉप्स व यीस्ट सारख्याच प्रमाणात घेऊनही एका घरची बीअर रुचकर होते, तर शेजारची उग्र. या फरकाचे कारण पुष्कळदा उष्णतामानात सापडते.

यीस्ट हे एकपेशीय सूक्ष्म कवक होय. साखरेपासून मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड वायू निर्माण होणे हे या सजीवाचे कार्य आहे, असे लुई पाश्चर यांनी १८५७ नंतरच्या प्रयोगांनी दाखवून दिले. थंडीत हे कार्य मंदावते आणि उबेत त्याला वेग येतो. परंतु वेग वाढला म्हणजे गुण वाढला, असे मात्र नव्हे. अतिउबेत यीस्ट जड मद्यार्क अधिक प्रमाणात निर्माण करते व त्यामुळे पेयाला तिखट, झोंबणारी चव येते. उलट गारठा वाढल्यास यीस्ट तळाशी बसते आणि किण्वन अर्धवट राहते. एल जातीच्या बीअरला सुमारे १८ ते २२ अंश सेल्सिअस, लागर जातीच्या बीअरला ८ ते १३ अंश, पांढऱ्या वाइनला १२ ते १८ अंश, तर तांबड्या वाइनला २२ ते ३० अंश उष्णतामान मानवते.

शास्त्रीय कारण ठाऊक नसतानाही अनुभवाने माणसाने हे ओळखले होते. बव्हेरियात १५५३ साली उन्हाळ्यात बीअर तयार करण्यास मनाई करण्यात आली. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात ती करता येई. पुढे १८७० नंतर कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्रांमुळे ऋतूचे हे बंधन सैल झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भिंतीवरील उष्णतामापक खोलीचे उष्णतामान सांगतो, भांड्यातील द्रवाचे नव्हे. किण्वनातून उष्णताही बाहेर पडते. वीस लिटर द्रवातील दोन किलो साखर आंबली, तर सुमारे २६० किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ती सर्व भांड्यातच कोंडली, तर द्रव सुमारे १३ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता बाहेर निघून जाते. तरीही किण्वन ऐन भरात असताना द्रव खोलीपेक्षा काही अंश अधिक गरम असतो. म्हणून उष्णतामापक भांड्याच्या अंगालाच लावावा आणि खोली आरंभी थोडी गारच ठेवावी.

उन्हाळ्यात भांडे पाण्याच्या परातीत ठेवून त्याभोवती ओले फडके गुंडाळतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे हिशोबाने अर्धा लिटर पाणी वरील सर्व उष्णता वाहून नेऊ शकते. माठातील पाणी गार होते ते याच तत्त्वाने. मात्र दमट हवेत हा उपाय फारसा चालत नाही. हिवाळ्यात भांड्याला घोंगडी गुंडाळतात. वायूला वाट मिळावी म्हणून भांडे कधीही घट्ट बंद करू नये; ते फुटण्याचा धोका असतो.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून मद्य तयार करणे हा अपराध आहे. तथापि हेच शास्त्र आपल्या स्वयंपाकघरातही रोज प्रत्ययास येते. थंडीत इडलीचे पीठ फुगत नाही, म्हणून गृहिणी ते उबेला ठेवते. आणि उन्हाळ्यात तेच पीठ लवकर आंबट होते.