मोटर तीच, मग भांडं का बसत नाही?

मैत्रिणींनो, गेल्या एप्रिलमधली एक रात्र सांगते. शाळेचा निकाल दोन दिवसांवर आला होता. मी अर्धवेळ शिक्षिका. म्हणजे पगार अर्धा आणि निकालपत्रकं पूर्ण, हे तुमच्यातल्या शिक्षिकांना वेगळं सांगायला नको. आठवीच्या बावन्न मुलांचे मार्क भरायचे होते. जेवणं आटोपली, ओटा आवरला, सासूबाईंना रात्रीची गोळी दिली आणि जेवणाच्या टेबलावरच माझा टॅब उघडून बसले.

हा टॅब माझा, हे मुद्दाम सांगते. आमच्या घरातला कॉम्प्युटर ह्यांचा, टीव्ही सासूबाईंचा, आणि मोबाईल नावाला माझा असला तरी चिरंजीवांच्या हातात. टॅब मात्र मी दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून घेतला. चाळीस हजारांच्या वर गेला. वर कीबोर्डचं कव्हर आणि पेन वेगळं. नावात ‘प्रो’ होतं. दुकानदार म्हणाला, “मॅडम, आता हाच तुमचा कॉम्प्युटर.” कंपनीचं नाव सांगत नाही, थोड्याफार फरकाने सगळ्यांचं सारखंच आहे.

तर शाळेतून आलेली निकालपत्रकाची फाईल मी उघडली. उघडली हो, रकानेबिकाने सगळे दिसले. पण त्या फाईलमध्ये एक बटण बसवलेलं आहे. मार्क भरून ते दाबलं की बेरीज, श्रेणी, शेरा सगळं आपोआप पडतं. टॅबवर ते बटण म्हणजे नुसतं चित्र! बोटाने दाबलं, पेनाने दाबलं, कीबोर्ड जोडून दाबलं, ढिम्म. शेवटी साडेदहाला ह्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. हे स्वतःचं ऑफिसचं काम करत होते. “तरी तुला सांगत होतो, लॅपटॉप घे म्हणून,” एवढं बोलून उठले बिचारे. रात्री एक वाजता ह्यांच्या खुर्चीत बसून मी निकाल पुरा केला. निकाल लागला, पण मनातला सल काही गेला नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेलं यंत्र कपाटात आणि मी पुन्हा दुसऱ्याच्या खुर्चीत!

मे महिन्याच्या सुट्टीत मग मी ह्या प्रश्नाच्या मागेच लागले. लोणची घालता घालता वाचत होते, विचारत होते.

यंत्र कुठलंही असो, आत एक मुख्य व्यवस्था असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कोणता प्रोग्रॅम कधी चालायचा, फाईल कुठे ठेवायची, कोणाला कशाला हात लावू द्यायचा, हे सगळं ती ठरवते. घरातल्या कर्त्या बाईसारखी. टेबलावरच्या कॉम्प्युटरची ही व्यवस्था म्हणजे विंडोज, मॅक वगैरे. तिथे आपण स्वतःच्या घरात असतो. हवी ती वस्तू आणा, हव्या त्या भिंतीला खिळा ठोका. टॅबची व्यवस्था निघाली मोबाईलमधून. तिथे आपण भाडेकरू. प्रत्येक अ‍ॅप आपापल्या खोलीत, दार लावून. बाहेरून काही आणायचं तर मालकाच्या दुकानातून. माझ्या फाईलमधलं बटण म्हणजे आत लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅमच. तो टॅबवरच्या अ‍ॅपला चालवताच येत नाही. बिघाड नव्हताच, रचनाच तशी.

तुम्ही म्हणाल, टॅबचा जीवच तेवढा, त्याच्याकडून कॉम्प्युटरची कामं कशाला मागायची? मीही तेच समजत होते. पण खरी गंमत पुढेच आहे.

अ‍ॅपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज यांनी २७ जानेवारी २०१० रोजी पहिला आयपॅड दाखवला, तो रंगमंचावर चक्क आरामखुर्चीत बसून. वाचायला, बघायला, मांडीवर घ्यायला, असाच त्याचा थाट होता. २०१५ मध्ये आयपॅड प्रो आला. मोठा पडदा, पेन, कीबोर्ड, म्हणजे आता हा कामाचा, असं सांगत. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ह्याच कंपनीने आपल्या मॅक कॉम्प्युटरमध्ये ‘एम १’ नावाची स्वतःची चिप बसवली. एप्रिल २०२१ मध्ये तीच चिप आयपॅड प्रोमध्येही आल्याचं जाहीर केलं. तशीच नव्हे बरं का, तीच! मे २०२४ मध्ये तर कमाल झाली. ‘एम ४’ ही नवी चिप आधी आयपॅड प्रोला मिळाली आणि मॅकला त्या वर्षाच्या शेवटाकडे. म्हणजे शक्तीच्या बाबतीत टॅब कॉम्प्युटरच्याही पुढे. तरीही मॅकचे प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत, ते नाहीतच.

आता किंमत पाहा. मे २०२४ मध्ये भारतात हा अकरा इंची आयपॅड प्रो ९९,९०० रुपयांपासून सुरू झाला. कीबोर्ड २९,९०० रुपये आणि पेन ११,९०० रुपये. बेरीज १,४१,७०० रुपये. एवढ्यात लॅपटॉप येऊन वर लहानसा फ्रीज येतो.

फ्रीज शब्द मुद्दाम काढला. एप्रिल २०१२ मध्ये अ‍ॅपलचे प्रमुख टिम कुक यांना विचारलं होतं, टॅब आणि लॅपटॉप एकच का नाही करत? त्यांचं उत्तर असं, की टोस्टर आणि फ्रीजसुद्धा एकत्र करता येतील, पण ते वापरणाऱ्याला काही आवडायचे नाहीत. आणि जून २०१८ मध्ये त्यांच्याच कंपनीचे क्रेग फेडरिघी यांनी, दोन्ही सिस्टिम एक करणार का, ह्या प्रश्नावर पडद्यावर भलंमोठं ‘नाही’ झळकवलं होतं.

कुकसाहेबांचा स्वयंपाकघरातला अनुभव किती, मला ठाऊक नाही. पण टोस्टर आणि फ्रीज एक करा असं कोणती बाई म्हणेल? एक तापवतो, एक गारवतो. टॅब आणि लॅपटॉप तसे विरुद्ध थोडेच आहेत? आपल्याला मिक्सर माहीत आहे. मोटर एक. चटणीचं भांडं छोटं, इडलीचं पीठ वाटायचं मोठं, कोरडा मसाला करायचं तिसरं. सकाळी एक लावतो, संध्याकाळी दुसरं. चटणीचं भांडं हलकं नि सुटसुटीत आहे म्हणून कोणी पीठ वाटायचं भांडं बसूच नये अशी खाच पाडून ठेवत नाही. आयपॅड प्रोचं नेमकं तेच झालंय. मोटर पीठ वाटायची, आणि भांडं एकच, चटणीचं.

मात्र दुसरी बाजू न सांगता पुढे गेले तर सासूबाई मला क्षमा करणार नाहीत.

आमच्या सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. ह्यांच्या कॉम्प्युटरला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. तो माऊस आणि तो बाण बघूनच त्यांना घेरी येते. माझा टॅब मात्र दोन संध्याकाळींत शिकल्या. बोटाने सरकवायचं, बोटाने मोठं करायचं. नातवंडांचे फोटो, कीर्तनं, पाककृती. पिठाच्या हातानेसुद्धा! (काच मी पुसते, ते वेगळं.) हा सुटसुटीतपणा काढून घेऊन उद्या कोणी त्यात कॉम्प्युटरची सिस्टिम कोंबली तर?

तसं करून झालेलं आहे. मायक्रोसॉफ्टने २००२ मध्येच विंडोजवर चालणारे पेनाचे टॅबलेट आणले होते. जड, महाग, फारसे कोणी घेतले नाहीत. मग २०१२ मध्ये विंडोज ८ आलं. बोटासाठी मोठमोठ्या चौकोनांचा एक पडदा आणि त्यामागे नेहमीचं विंडोज. वर सगळ्यांच्या सवयीचं स्टार्ट बटण काढून टाकलेलं. लोक इतके गोंधळले की ऑक्टोबर २०१३ मध्ये ते बटण परत आणावं लागलं. त्यांच्या सरफेस टॅबची एक स्वस्त जात होती, दिसायला विंडोज पण जुने विंडोजचे प्रोग्रॅम चालायचेच नाहीत. त्या प्रकरणात कंपनीने २०१३ मध्ये नव्वद कोटी डॉलरचा तोटा हिशेबात धरला. त्याची थोरली बहीण सरफेस प्रो मात्र टिकली, कारण तिच्यावर खरंखुरं, पूर्ण विंडोज होतं. आजही ती विकली जाते. पण बाणाच्या टोकासाठी केलेली बारीक बटणं बोटाला सापडणं कठीणच. शिवाय पूर्ण सिस्टिम आली की व्हायरसची काळजी आणि पसाराही आपलाच. स्वतःच्या घराची झाडलोट आपणच करायची असते!

म्हणून मी म्हणते, बोटाची सिस्टिम काढू नका, तिच्या जागी दुसरी बसवू नका. दोन्ही द्या. हातात धरला की टॅब. कीबोर्ड जोडला, टेबलावर ठेवला, की विचारा: बाई, आता कॉम्प्युटर हवा का? ज्यांना नको त्या ‘नको’ म्हणतील. आमच्या सासूबाईंना ती खिडकी कधी दिसणारही नाही.

हे अशक्य नाही. सॅमसंगने २०१८ पासून आपल्या मोठ्या टॅबमध्ये ‘डेक्स’ नावाची अशी सोय दिली आहे. ती चालू केली की पडदा कॉम्प्युटरसारखा होतो, खिडक्या एकमेकींवर ठेवता येतात. आत अ‍ॅप मात्र अँड्रॉइडचीच. म्हणजे साडी बदलली, बाई तीच. आयपॅडही हळूहळू तिकडेच चाललाय. २०१९ मध्ये पेनड्राईव्ह वाचता येऊ लागला, मार्च २०२० मध्ये माऊस नीट चालायला लागला, आणि सप्टेंबर २०२५ च्या आवृत्तीत हव्या तेवढ्या आकाराच्या खिडक्या, वर मेनूची पट्टी. व्हिडिओ तयार होत असताना दुसरं काम करायचीही सोय आली. त्याआधी मोठं काम चालू असलं की बहुधा तिथेच ताटकळावं लागे. कुकर लावून बाजूला भाजी चिरायची सोय नाही. उशिरा का होईना, झालं हे चांगलंच. पण माझं बटण अजूनही तिथे चालणार नाही.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल पुरुषमंडळी कुठे लिहीत नाहीत. कॉम्प्युटरवर घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं उघडता येतं. माझ्या प्रश्नपत्रिका माझ्या खात्यात, मुलाचे खेळ त्याच्या. अँड्रॉइडच्या पुष्कळ टॅबमध्येही ही सोय असते. लाखभर रुपयांच्या आयपॅडमध्ये मात्र शाळा-कंपन्यांसाठी आहे, घरासाठी नाही. प्रत्येकाने आपापला घ्यावा असं त्यांना वाटत असणार. टॅबही आणि लॅपटॉपही, दोन्ही आपल्याकडून घ्यावेत असंही वाटत असणार. हा माझा संशय आहे, पुरावा काही नाही. पण वाणसामान आणून आणून दुकानदाराच्या मनातलं थोडं कळायला लागतंच की नाही?

आता तुमच्यापैकी कोणी खरेदीला निघणार असेल तर माझ्या चुकीतून एवढं घ्या. दुकानात रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्या रोजच्या कामाची फाईल पेनड्राईव्हवर न्या आणि तिथेच, त्याच यंत्रावर उघडून दाखवायला सांगा. नुसती उघडून नव्हे. दोन आकडे भरून, बटण दाबून, पुन्हा साठवून. मराठी टाईप करून बघा. ज्यांचं छापखान्याशी काम पडतं त्यांनी छापखान्यात आधी विचारा. पुष्कळ ठिकाणी अजून जुन्या पद्धतीची मराठी अक्षरं चालतात आणि ती बसवणारे प्रोग्रॅम टॅबवर मिळत नाहीत. किंमत विचारताना कीबोर्ड आणि पेन धरून विचारा. आणि दुकानदार “हाच तुमचा कॉम्प्युटर” म्हणाला, तर शांतपणे म्हणा, “मग माझा प्रोग्रॅम ह्यात घालून दाखवा.”

गेल्या दिवाळीत आमच्या वन्सं आल्या होत्या. त्यांची मुलगी पुण्यात आर्किटेक्चरला आहे. तिला आयपॅड प्रो हवा होता. वर्गातल्या दोघीतिघींकडे आहे. “मामी, तू सांग ना आईला,” म्हणून माझ्याकडे वशिला लावला. मी तिला विचारलं, कॉलेजात कोणकोणते प्रोग्रॅम लागतात, यादी दे. यादीत रेव्हिट होतं. ते फक्त विंडोजवर चालतं. पोरगी हिरमुसली. रेखाटनं तर त्यावर किती छान होतात, म्हणाली. होतात, खरंच होतात. माझ्या टॅबवर तिने बसल्या बसल्या आमच्या तुळशीवृंदावनाचं चित्र काढलं ते इतकं सुरेख, की मलाच वाईट वाटलं. पण वन्संकडे दोन्हींइतके पैसे नव्हते, तेव्हा लॅपटॉप आला. सुट्टीत इथे आली की माझा टॅब तिचा, असं आमचं ठरलंय.

माझा टॅब अजून माझ्याकडेच आहे. मुलांचे निबंध मी त्यावर पेनाने तपासते, आणि ते काम कॉम्प्युटरवर असं कधीच झालं नसतं. शाळेच्या ऑफिसात बटणाविना साधी फाईल मिळेल का, म्हणून विचारून आलेय; “बघू” असं उत्तर मिळालंय. आणि ह्यांना आत्ताच सांगून ठेवलंय, एप्रिलचा शेवटचा आठवडा खुर्ची माझी.