म्हणे, कॅटमरान उलटत नाही!

वाळूवर उभी असलेली छोटी कॅटमरान पाहिली की पहिला भरवसा वाटतो तो तिच्या रुंदीचा. साधी होडी पाय ठेवताच डुगडुगते. हिच्या जाळीवर दोघे-तिघे खुशाल मांडी घालून बसतात. ‘ही कशाला उलटतेय?’ असे म्हणतच माणूस पहिल्यांदा शीड हातात घेतो. कॅटमरानबद्दलचे निम्मेअधिक गैरसमज या रुंदीतूनच निघालेले आहेत. वारा जोराचा असेल आणि माणूस एकटा असेल, तर ते महागात पडतात.

जगात सर्वाधिक ओळखीची असलेली होबी १६ हीच बोट उदाहरणाला घेऊ. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी ऑल्टर यांनी १९६८ मध्ये एकट्या माणसासाठी होबी १४ आणली आणि त्यानंतर दोनेक वर्षांत दोघांसाठीची होबी १६. लाटांतून थेट वाळूवर चढवता यावी, वाळूवरून पुन्हा लोटता यावी, हा त्यामागचा विचार. म्हणून बुडाखाली उभी फळी नाही की कील नाही. फायबरचे दोन अरुंद हल (म्हणजे बोटीची तरंगणारी अंगे), त्यांना जोडणारी ॲल्युमिनियमची चौकट, मध्ये ताणलेली जाळी म्हणजे ट्रॅम्पोलिन, आठ मीटरची डोलकाठी आणि सुमारे २० चौरस मीटर शीड. लांबी ५.०५ मीटर, रुंदी २.४१ मीटर, वजन १४५ किलोच्या आसपास. अशा एक लाखाहून अधिक बोटी बनल्या.

रुंद बोट सुरुवातीला कलायला कुरकुरते, हे खरेच आहे. कोकणातल्या छोट्या होडीला बाजूने उलांडी बांधतात, तीही याचसाठी. पण कॅटमरानची ही ताकद एका क्षणी शिगेला पोहोचते, आणि तो क्षण म्हणजे वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटतो तो. त्यानंतर बोट जसजशी वर उचलली जाईल, तसतसा तिचा सावरण्याचा जोर घटत जातो. फोटोत एक हल हवेत उंच दिसतो आणि खाली कौतुकाचे शब्द असतात. प्रत्यक्षात त्या क्षणी बोटीच्या पदरात फारसे काही उरलेले नसते.

कीलच्या बोटीचे गणित नेमके उलटे. तिच्या बुडाशी जड वजन असते, आणि ती कलत जाते तसे ते वजन तिला अधिक जोराने परत ओढते. २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ पूर्ण गटांगळी खाऊन पुन्हा सरळ झाली. डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली, पण बोट सुलटी तरंगत राहिली. ‘थुरिया’ कीलची बोट.  कॅटमरान मात्र सुलटी जितकी स्थिर, तितकीच पालथीही स्थिर असते. एकदा पालथी पडली की आपणहून उठत नाही.

मग येतो सर्वांत घातक गैरसमज: ‘उलटली तर उलटली, पुन्हा उभी करू.’

दोघे असतील तर करतील. एकट्याचे काय? होबी १६ आडवी पडल्यावर तिला उभे करायला साधारण १३५ किलो वजन हाताशी लागते, असा अनुभवाचा आकडा आहे. सत्तर किलोचा माणूस म्हणजे त्याच्या निम्मा. तो कितीही कसलेला असो, दंडांच्या बळावर उरलेले निम्मे भरून निघत नाही, कारण इथे प्रश्न ताकदीचा नसून वजनाचा आहे. त्यावर उपाय आहेत, पण ते किनारा सोडण्यापूर्वी बोटीवर बांधलेले हवेत. एक म्हणजे पाण्याची पिशवी: आडव्या बोटीवरून ती समुद्रात बुडवून भरायची आणि खांद्यावर किंवा दोरीला टांगून मागे झुकायचे, पाऊणशे लिटर पाणी म्हणजे जणू दुसरा माणूसच. दुसरा म्हणजे डोलकाठीच्या टोकाला बसवलेला फुगीर तरंगा. तो दिसायला बावळट, म्हणून पुष्कळजण काढून ठेवतात. पण काठी पाण्याखाली जाऊन बोट पूर्ण पालथी होऊ न देण्याचे काम तोच करतो.

आता ही क्रिया जवळून पाहू. बोट आडवी आहे, शीड पाण्यावर पसरले आहे. पहिले काम ओढण्याचे नव्हेच. शिडांच्या दोऱ्या क्लीटमधून, म्हणजे दोरी पकडून ठेवणाऱ्या खाचेतून, सोडवायच्या आणि ट्रॅव्हलर, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी धरणारा सरकता गाडा, मोकळा करायचा. नाहीतर बोट उभी राहते ती वारा भरून घेऊनच, आणि लगेच दुसऱ्या बाजूला कोसळते. मग खालच्या हलवर पुढच्या टोकाकडे सरकायचे. वजनाने ते टोक बुडते, पाणी धरते, आणि बाकीची बोट त्याभोवती फिरून वाऱ्याकडे तोंड करते. आता वरच्या हलवरून आलेली दोरी धरून पाय ताठ ठेवून अंग मागे टाकायचे आणि थांबायचे. डोलकाठी पाण्यापासून हातभर सुटली की शिडाखाली वारा शिरतो व उरलेले काम तो करतो. वरचा हल डोक्यावर येऊ लागला की खाली सरकून पुढच्या आडव्या दांडीला लटकायचे. ती दांडी सुटली, तर बोट माणसाला मागे ठेवून निघून जाते. जोराच्या वाऱ्यात रिकाम्या कॅटमरानला पोहून गाठणे चांगल्या पोहणाऱ्यालाही जमत नाही. आणि बोट उठत नसेल, तर तिच्यावरच बसून राहायचे. शोधणाऱ्यांना पाण्यातल्या डोक्यापेक्षा हल लवकर दिसतो.

‘कालच्यापेक्षा वारा जरा जास्त आहे, इतकेच’ हे वाक्य किनाऱ्यावर वारंवार ऐकू येते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. ढोबळ हिशेबाने २० चौरस मीटर शिडावर १० नॉटचा वारा तीसेक किलोच्या जोराने रेटतो; २० नॉटला तोच रेटा सव्वाशे किलोच्या पुढे जातो. वेग दुप्पट, जोर चौपट. वारा मोजायचे यंत्र जवळ नसेल तर समुद्र पाहावा: लाटांचे पांढरे फेसाळ माथे बऱ्यापैकी दिसू लागले की वारा ११ ते १६ नॉटच्या टप्प्यात आलेला असतो, जिकडेतिकडे तेच दिसत असतील तर १७ च्या वर.

त्यावर शहाणपणाचा म्हणून सुचवला जाणारा उपाय असतो: पुढचे छोटे शीड, म्हणजे जिब, काढून टाकायचे. कानाला पटणारा सल्ला, पण होबी १६ च्या बाबतीत फसवा. तिच्या जिबच्या कडेतल्या तारेवरच डोलकाठीचा ताण पेललेला असतो. जिब गेले की काठी मागे झुकून सैल हालते, बोट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवू पाहते, सुकाणू हाताला जड लागते आणि टॅक घेणे, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून पलीकडे वळणे, दुरापास्त होते. शीड कमी करायचे तर मोठे शीड आखडावे. काही शिडांना त्याची सोय असते, पण ती वाळूवरच वापरायची. लाटांवर एका हाताने हे जमेल, अशी आशा धरू नये.

टॅकवरही एक गैरसमज आहे: सुकाणू फिरवले की बोट वळते. जड बोट स्वतःच्या वेगाच्या जोरावर वाऱ्याच्या तोंडातून पलीकडे सरकते. कॅटमरान हलकी आणि रुंद. शीड फडफडले की तिचा वेग क्षणात मरतो आणि ती वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. म्हणून आधी वेग घ्यायचा, सुकाणू हिसका न देता सावकाश दाबत न्यायचे, आणि जिब लगेच न सोडता उलट्या बाजूने वारा भरू द्यायचा, म्हणजे ते पुढचे टोक ढकलून देते. इतके करूनही अडकलीच, तर धडपड नको. बोट मागे सरकू लागते तेव्हा सुकाणू उलटे धरायचे. ती आपोआप वळून बाहेर पडते.

झोत आला की मेनशीट, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी, क्लीटमध्ये अडकवून अंग बाहेर टाकायचे, हे चित्रांत फार रुबाबदार दिसते. एकट्याने मात्र ती दोरी हातातच ठेवावी. वाऱ्याकडे जाताना झोत आला तर दोरी थोडी सोडून बोट किंचित वाऱ्याकडे वळवायची. वारा मागून असेल तर नेमके उलट, वाऱ्यापासून दूर. मधल्या दिशेत, म्हणजे वारा कुशीतून येत असताना, दोन्ही वाटा अर्धवट असतात आणि तिथेच घात होतो: वाऱ्याआडच्या हलचे टोक लाटेत घुसते, बोट जागच्या जागी थांबते आणि मागची बाजू वरून पुढे येते. या कोलांटीत माणूस शिडावर किंवा तारांवर फेकला जातो. म्हणून त्या दिशेत वजन जितके मागे नेता येईल तितके न्यावे. ट्रॅपीझवर, म्हणजे तारेला लटकून बोटीबाहेर, जाण्याची हौस एकट्याने नंतर कधीतरी भागवावी.

किनाऱ्याजवळ पाणी सपाट आहे, तेव्हा धोका नाही, हा समज तर सर्रास. जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात काठाशी लाटाच उठत नाहीत, म्हणून पाणी तळ्यासारखे दिसते. दोनशे मीटर आत गेल्यावर खरा वारा लागतो आणि काही मोडले की तोच वारा खोल समुद्राकडे नेतो. होबी जिथे जन्मली त्या दक्षिण कॅलिफोर्नियात शरद ऋतूपासून सांता आना नावाचे कोरडे वारे असेच वाहतात. कोकणात सकाळचे मतलई वारे मंद असतात आणि दुपारी खारे वारे माणसाला किनाऱ्याकडे आणतात, पण दिशा रोज पाहावी.

उरली जुळणी. डोलकाठी एकट्याने उभारायला पहिलवान लागतो, असे वाटते. लागते ते बिजागर. काठीचे बूड पायथ्याशी बिजागराच्या पिनेने अडकवले की ते घसरत नाही. मग ट्रॅम्पोलिनवर उभे राहून मागून पुढे काठी ढकलत न्यायची. वारा आडवा नको, काठी बाजूला लोळते. तो मागून असला तर उभी काठी वाऱ्यानेच पुढे रेटली जाते आणि बाजूच्या तारा तिला तोलून धरतात. जिब चढवायची दोरी, म्हणजे हॅलयार्ड, पुढे ओढून बांधावी आणि मगच पुढची तार लावावी. शीड चढवताना मात्र बोटीचे नाक वाऱ्याकडे. त्याआधी वर पाहायचे: ॲल्युमिनियमची काठी विजेच्या तारांना लागून अमेरिकेत माणसे दगावली, म्हणून पुढे होबीच्या काठीचे टोक वीज न वाहणाऱ्या फायबरचे केले गेले. खालचा भाग अजूनही धातूचाच आहे. तारा जोडणाऱ्या शेकलच्या पिनांवर टेप गुंडाळावी, आणि दोन्ही हलच्या मागची पाणी काढायची बुचे लावली का, ते बोटाने चाचपून पाहावे. बूच विसरण्याइतका सामान्य आणि इतका लाजिरवाणा अपघात दुसरा नाही.

शिकण्याचा क्रम असा असावा: मंद वाऱ्यात, जवळ मदतीची बोट ठेवून, होबी १६ मुद्दाम उलटवावी आणि एकट्याने उभी करून पाहावी. उथळ पाण्यात हे करू नये, काठी तळात रुतून मोडते. पिशवी वापरूनही ती उठली नाही, तर फेसाळ लाटा दिसू लागल्यावर तिच्यावर एकट्याने जाऊ नये. होबी १४ घ्यावी, नाहीतर जोडीदार शोधावा. आणि लाइफ जॅकेट अंगावर, फोन जलरोधक पाकिटात खिशात, परतायची वेळ किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगितलेली, एवढे प्रत्येक खेपेला करावे.