वाळूत निजणारा मासा

रायपूरच्या गोल बाजारात मिठाची वाण नाही. परंतु त्या मिठाचा समुद्र होत नाही. मिठागरात मीठ धरते तेव्हा समुद्रातील मॅग्नेशियमचा मोठा अंश उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातो, आणि बाजारात येते ते मुख्यतः सोडियम क्लोराइड. म्हणून किनाऱ्यापासून दूर अशा या शहरात खाऱ्या पाण्यातले मासे पाळावयाचे, तर समुद्राचे सर्व क्षार असलेले तयार मिश्रण शुद्ध पाण्यात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात, विरघळवावे लागते. मे महिन्यात येथील पारा ४० अंशांपलीकडे जातो. माशाला मात्र २५-२६ अंशांचेच पाणी मानवते. शिवाय वाफेबरोबर क्षार उडून जात नाहीत. म्हणून घटलेली पातळी नेहमी शुद्ध गोड्या पाण्यानेच भरून काढावी.

इतके साधले तरी लेपर्ड रॅससारखा नाजूक मासा जगेलच असे नाही. प्रवाळखडकांवर राहणारा हा ठिपकेदार मासा दिवसभर सूक्ष्म कवचधारी जीव टिपत असतो. काचपेटीत आल्यावर कोरड्या खाद्याकडे तो सहसा ढुंकूनही पाहत नाही, आणि अन्न समोर असूनही उपाशी मरतो. यास्तव पेटी काही महिने जुनी होऊन तीत असे जीव वाढल्यावरच त्याला आणावे, आणि दिवसातून अनेकदा जिवंत वा गोठविलेले बारीक खाद्य द्यावे. विकत घेण्यापूर्वी तो खाताना पाहावा, हे उत्तम.

रात्री हा मासा वाळूत शिरून निजतो. तेव्हा तळाशी निदान दोन इंच बारीक वाळू हवी. खरबरीत खडीने त्याचे अंग सोलवटते. नव्या घरी तो कित्येक दिवस वाळूतच दडून राहतो. मेला असे समजून त्याला उकरून काढणे, हाच त्याचा घात ठरतो. भ्याल्यास तो उडी मारतो, म्हणून पेटीवर बारीक जाळी घालावी.

त्याच्यासाठी खरे प्रवाळ मात्र आणू नयेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळांचा समावेश झाला आहे. भाजलेल्या मातीच्या कृत्रिम खडकांतही हा मासा सुखाने राहतो. त्याला आडोसा, वाळू आणि वेळेवर घास एवढेच हवे असते.